बीपीची गोळी आणि साखर

रक्तदाब आणि मधुमेह हे स्वतंत्र आजार असून बीपीच्या गोळीचा साखरेशी काही संबंध नसतो, असे येथे म्हटले गेले. ते मला पटत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात वरचा रक्तदाब ५ अंकांनी उतरवल्यास टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ११ टक्क्यांनी घटतो, असे आढळले. मात्र गोळी कोणती, हेही तितकेच महत्त्वाचे आहे: रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या गटांतील औषधांनी हा धोका कमी होतो, तर अटेनोलॉलच्या गटातील आणि लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गोळ्यांनी तो वाढतो. म्हणून गोळी परस्पर बंद न करता पुढच्या खेपेस डॉक्टरांकडून एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ताची) चाचणी आवर्जून लिहून घ्यावी, विशेषतः आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल तर.