आईनंतरची पहिली दिवाळी

आई गेल्यावरच्या पहिल्या दिवाळीत कंदील लावावा की नाही, हा तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. २०१६ साली आम्ही याच प्रश्नापाशी अडलो होतो.

दुखवटा असल्याने घरात कढई चढली नव्हती. पण अशा घरी शेजारीपाजारी फराळ देतातच. धनत्रयोदशीपर्यंत ओट्यावर सात डबे जमले. प्रत्येकाची चकली वेगळी, आईसारखी एकही नाही. ती भाजणीत धणे जरा जास्त घालायची.

आम्ही मूळचे कुडाळकडचे. नरकचतुर्दशीला पहाटे अंघोळ झाली की तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट (एक लहानसं रानफळ) फोडायचं, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मग गोडाचे पोहे. माणशी एक कारीट. त्या वर्षी बाबा न बोलता बाजारातून एकच घेऊन आले आणि माझ्या पाच वर्षांच्या लेकीपुढे ठेवलं. तिने जोरात टाच मारली (अंगठा कुठला जमायला!), बिया बाबांच्या लेंग्यावर उडाल्या. ती खुदकन हसली. बाबाही हसले, आई गेल्यापासून पहिल्यांदा. मला क्षणभर त्यांचा रागच आला, आणि मग त्या रागाची इतकी लाज वाटली की मी आत जाऊन रडले.

कंदील लावा. साधा, कागदी, एकच. बाबांच्या हाताने लावा. आणि शेजारचे डबे रिकामे परत करू नका. आम्ही मूठभर साखर घालून दिले होते, आई द्यायची तसेच.