हातची मॅच गेल्यावर जे होतं, त्याला शब्द कोणता?

राखीव खेळाडू:
संघ हरला की बातमीत ‘चाहते निराश’ हे दोन शब्द ठरलेले. निराश म्हणजे ज्याची आशा संपली तो. पण जिंकत आलेली मॅच हातातून गेलेला चाहता निराश कुठे असतो? तो पेटलेला असतो. राग असतो, पण काढायचा कुणावर ते कळत नाही आणि शेवटची वीस मिनिटं डोक्यात फिरत राहतात. इंग्रजीवाले ‘फ्रस्ट्रेशन’ म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे ‘वैफल्य’ आहे, पण तो शब्द मानसशास्त्राच्या पुस्तकातून बाहेर येत नाही. गॅलरीतला माणूस ‘मला वैफल्य आलं’ असं म्हणणार नाही.

कसोटीला हा सामना घ्या. ११ जून २०२४, दोहा, विश्वचषक पात्रता फेरी, कतार विरुद्ध भारत. ३७व्या मिनिटाला भारताच्या छांगटेचा गोल, ७३व्या मिनिटापर्यंत आघाडी, मग कतारचा तो वादग्रस्त गोल, ८५व्या मिनिटाला दुसरा. १–२. पुढची फेरी हुकली. त्या रात्री भारतीय चाहत्याला जे झालं, त्याला एक शब्द द्या.

कोशवाचक:
एका शब्दात भागणार नाही, कारण मराठीने ही कामं वाटून दिली आहेत.

‘चुटपुट’ म्हणजे काहीतरी करायचं राहून गेल्याची बारीक, टिकून राहणारी टोचणी. १–० आघाडी असताना दुसरा गोल करायची संधी दवडली, तर चुटपुट. यात राग नाही. ‘हळहळ’ त्याहून मोकळी, ती तटस्थालाही वाटते. दोन्हीपैकी कुठल्याच संघाशी देणंघेणं नसलेला माणूसही हळहळतो. ‘हिरमोड’ व्हायला आधी उत्साह लागतो. तिकीट काढून, झेंडा घेऊन गेलेल्याचा हिरमोड होतो. ज्याला जिंकण्याची अपेक्षाच नव्हती त्याचा होत नाही.

‘चरफड’ म्हणजे राग अधिक हतबलता. चूक दिसते, सांगता येते, पण आपल्या हातात काही नाही. दोहाच्या रात्रीचा शब्द हाच. ‘जळफळाट’ मात्र तिथे चालणार नाही. त्यात दुसऱ्याचं भलं झालेलं बघवत नाही हा भाव येतो, म्हणून तो शब्द नेहमी समोरच्या संघाचे चाहते तुमच्याबद्दल वापरतात. स्वतःच्या जळफळाटाची कबुली सहसा कुणी देत नाही.

क्रियापदंही सांभाळा. चुटपुट लागते, हळहळ वाटते, हिरमोड होतो, चरफड होते. ‘त्रागा’ तेवढा करतात. टीव्ही धाडकन बंद करणं, जर्सी काढून फेकणं, ‘आजपासून फुटबॉल बघणार नाही’ अशी घोषणा करणं हा त्रागा. राग दुसऱ्यावरचा, नुकसान स्वतःचं.

रेषापंच:
चरफड बरोबर, पण तिचं कारण नेमकं सांगा. अर्धे लोक अजून चुकीच्या गोष्टीवर चरफडत आहेत.

त्या वादग्रस्त गोलाच्या वेळी कतारच्या युसूफ अयमनचा हेडर भारताच्या गोलरक्षकाने, गुरप्रीतने अडवला. तिथून चेंडू गोलखांबाच्या बाजूने रेषेपलीकडे गेला, कतारच्या खेळाडूने तो पायाने आत ओढला आणि अयमनने जाळ्यात मारला. फुटबॉलचा नियम ९ सांगतो की पूर्ण चेंडूने पूर्ण रेषा ओलांडली तर चेंडू खेळाबाहेर, जमिनीवरून असो वा हवेतून. चेंडूची कड रेषेच्या वर जरी लोंबत असली तरी तो आतच. म्हणून ‘चेंडू रेषेवर होता, म्हणजे बाहेर’ हे वाक्य चूक. रेषेवरचा चेंडू खेळात असतो. दोहाला मात्र तो पूर्ण बाहेर गेला होता.

पंचांनी शिट्टी वाजवली असती तर पुढे काय? ‘गोलकिक मिळायला हवी होती’, म्हणजे चेंडू भारताला, असं सर्रास लिहिलं गेलं. चेंडूला शेवटचा स्पर्श गुरप्रीतचा होता, म्हणजे मिळाला असता तो कॉर्नर, आणि तोही कतारला. त्या फेरीत व्हिडिओ पंच नव्हते, त्यामुळे मैदानावरच्या पंचांचा निर्णय शेवटचा.

तेव्हा हा गोल ‘वादग्रस्त’ म्हणणंही मिळमिळीत आहे. वादाला दोन बाजू लागतात. इथे एकच आहे: गोल अवैध होता आणि तो दिला गेला. ‘गोल बहाल केला’ म्हणा. चेष्टेत ‘ढापला’ चालेल, पण ढापणारा खेळाडू. पंच ढापत नाही, त्याच्या नजरेतून सुटतं.

पेठकरी:
भावनेचं झालं, आता क्रियापदाकडं या. आमच्या कोल्हापुरात खरी भांडणं तिथं होत्यात. मॅच हरली, मॅच गेली, मॅच घालवली, मॅच सोडली. चारींची किंमत येगळी.

‘हरली’ म्हणजे समोरचा भारी होता, विषय संपला. ‘गेली’ म्हणजे नशीब. बॉल खांबाला लागून भाईर आला, कुणाला बोलायचं? ‘घालवली’ म्हणजे चूक आपल्या पोरांची. ‘सोडली’ म्हणालासा की संपलं, त्यो सरळ आरोप हाय, मुद्दाम हरल्याचा. कुस्तीत ज्याला नुरा म्हणत्यात त्यातला प्रकार. रागाच्या भरात ‘घालवली’च्या जागी ‘सोडली’ टाईप करू नका, दुसऱ्या दिवशी पेठेत तोंड दाखवायचं असतंय.

आनि उलटा शब्दबी हाय. हरत आलेली जिंकली तर ‘मॅच काढली’.

राखीव खेळाडू:
पेठकरी, तालमींच्या संघांमुळे कुस्तीचे शब्द फुटबॉलमध्ये आले असं म्हणता येईल का? चीतपट, लोळवलं, अस्मान दाखवलं?

पेठकरी:
पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. संघांची नावंच बघा की ओ. लाल मातीची जागा आनि फुटबॉलचा संघ एकाच नावाखाली, मग शब्द येगळं कसं ऱ्हातील? पण ‘चीतपट’ जपून वापरा. कुस्तीत चीत म्हणजे निकाल एका झटक्यात. १–० ला कुणी चीतपट होत न्हाई. तीन-चार गोल पायजेत.

आणखी एक शब्द बाहेरच्यांना नीट कळत न्हाई: ‘ईर्षा’. पुस्तकात त्यो मत्सर. आमच्या शाहू स्टेडियमवर ‘पोरं ईर्षेनं खेळली’ म्हटलं तर ती शाबासकी. हरल्यावर ‘ईर्षाच दिसली न्हाई’ ही सगळ्यात जड तक्रार. पास चुकला, नेम चुकला, सगळं माफ. ह्ये माफ न्हाई.

फातोर्डेकर:
‘गेली’ आणि ‘घालवली’ यांच्या मधल्या फटीत आमचा सामना पडतो. २० डिसेंबर २०१५, गोव्यातलं फातोर्डा, इंडियन सुपर लीगची (आयएसएल) अंतिम लढत, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयन. ८७व्या मिनिटाला जोफ्रेचा गोल, गोवा २–१ पुढे. ९०व्या मिनिटाला गोव्याच्याच गोलरक्षकाकडून स्वयंगोल, २–२. भरपाई वेळेत मेंडोझाचा गोल, २–३. तीन मिनिटं तग धरायची होती. याला चरफड म्हणता येणार नाही, कारण पंचांकडे बोट दाखवायची सोयच नव्हती. मी तिथे ‘हाय खाल्ली’ म्हणेन. बरोबरी झाली तेव्हाच संघाने हाय खाल्ली, तिसरा गोल नुसता त्याचा परिणाम.

कोशवाचक:
हाय खाल्ली हे चाहत्यांबद्दल. धक्का बसून मन खचणं म्हणजे हाय खाणं, आणि ते दोन मिनिटांत होत नाही, त्याला मुरायला वेळ लागतो. मैदानावरच्या संघासाठी इतर शब्द आहेत. मोक्याच्या क्षणी मागे सरणं म्हणजे ‘कच खाणं’. लढणंच थांबवणं म्हणजे ‘नांगी टाकणं’, विंचवावरून. दमून, विस्कळीत होऊन कोसळणं म्हणजे ‘ढेपाळणं’. ९०व्या मिनिटाला बरोबरी झाल्यावर बचावफळी जागेवर राहिली नाही तर ती ढेपाळली. अंगावर जायचं सोडून मागे मागे सरकली तर कच खाल्ली. नांगी टाकायला निदान अर्धा तास लागतो.

रेषापंच:
फातोर्डेकरांनी ‘भरपाई वेळ’ लिहिलं म्हणून बरं वाटलं. बातम्यांत सरसकट ‘जादा वेळेत गोल’ असतं आणि वाचणाऱ्याला सामना १२० मिनिटं चालला असं वाटतं. जादा वेळ म्हणजे बरोबरीनंतरची पंधरा-पंधरा मिनिटांची दोन सत्रं, तीही बाद फेरीत. बदली खेळाडू, दुखापती, वेळकाढूपणा यांत गेलेली मिनिटं प्रत्येक अर्धाच्या शेवटी भरून देतात, ती भरपाई वेळ. लोक ‘इंज्युरी टाइम’ म्हणतात तेही ठीक.

‘पाच मिनिटं दाखवली आणि सहाव्याला गोल, ही फसवणूक’ ही तक्रारही टिकत नाही. फलकावर दिसतो तो किमान आकडा. पंच तो वाढवू शकतात, कमी करू शकत नाहीत. १० जून २०२५ला हाँगकाँगमध्ये भारत ०–१ हरला तो ९०+४व्या मिनिटाच्या पेनल्टीवर. त्याला ‘जादा वेळेतली पेनल्टी’ लिहिलेलं खटकतं.

डावा बॅक:
मला ‘निसटता पराभव’ छळतो. विजय निसटता असतो हे समजतं, थोडक्यात वाचला. पराभव निसटता म्हणजे काय, पराभव निसटला? मग जिंकलो की!

कोशवाचक:
तर्काने तुम्ही बरोबर आहात, पण वापर रुळला आहे. ‘निसटता’चा अर्थ आता ‘थोड्या फरकाचा’ एवढाच उरला आहे. माझी तक्रार वेगळी. १–२ दिसलं की निसटता, ०–४ दिसलं की दारुण, असं आकड्यावरून ठरवतात. १४ ऑक्टोबर २०२५, फातोर्डा, आशियाई चषक पात्रता, सिंगापूरकडून १–२. छांगटेने १४व्या मिनिटाला पुढे नेलं, सोंग उई-यंगने ४४व्या आणि ५८व्या मिनिटाला गोल केले. आकडा निसटता, पण बरोबरीसाठी अर्ध्या तासाहून जास्त वेळ हातात होता. असा पराभव ‘निसटता’ म्हटला की संघाला उगाच सवलत मिळते.

फातोर्डेकर:
त्या दिवसाला ‘हिरमोड’ हाच शब्द, घरचं मैदान होतं. आणि तो मागाहून वाढत गेला, कारण गणित मांडल्यावर कळलं की दारं बंद झाली आहेत. चार सामन्यांत दोन गुण. उरलेले दोन्ही जिंकले तरी आठ. हाँगकाँग आणि सिंगापूर दोघांचे आठ आधीच झालेले, त्यांची एकमेकांशी लढत बाकी, आणि गटातून पात्र होणार एकच. काहीही झालं तरी कुणीतरी नऊवर जाणारच.

डावा बॅक:
मग ‘पानिपत’ कुठे वापरायचं? दर शनिवारी कुणाच्या तरी क्लबचं पानिपत झालेलं असतं.

कोशवाचक:
नुसत्या पराभवाला पानिपत म्हणू नये. पणाला लावलेलं मोठं हवं, पराभव दारुण हवा, आणि तो घरोघरी पोचायला हवा. ८ जुलै २०१४, बेलो होरिझोंते, ब्राझील १, जर्मनी ७. विश्वचषकाची उपांत्य फेरी, यजमान ब्राझील, पहिल्या २९ मिनिटांत पाच गोल. हे पानिपत. साखळीतला ०–३ हा ‘धुव्वा’ फार तर.

१९५०चं माराकाना, म्हणजे रिओच्या त्या मैदानावरचा विश्वचषकाचा निर्णायक सामना, मात्र माझ्या मते पानिपत नाही. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती, ४७व्या मिनिटाला १–० आघाडीही मिळाली होती, आणि ७९व्या मिनिटाला घिज्जियाच्या गोलने उरुग्वे २–१ जिंकला. घाव १–७ पेक्षा खोल असेल, पण पराभव दारुण नव्हता. ते ‘तोंडचा घास गेला’.

पेठकरी:
आनि तिथंच ‘खापर’ आलं. ब्राझीलचा गोलरक्षक बार्बोसाच्या माथी फोडलं ते त्यानं मरेपर्यंत वागवलं. खापर फोडणं म्हणजे दोष देणं न्हवं. दोष खरा असू शकतोय. खापर फोडलं म्हणताना बोलणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतंय की अन्याव झाला. म्हणून ‘प्रशिक्षकानं बचावफळीवर खापर फोडलं’ असं बातमीत लिहिलं तर बातमीदार बचावफळीच्या बाजूचा. तटस्थ ऱ्हायचं तर ‘दोष दिला’ लिवा.

राखीव खेळाडू:
आणि चाहत्यांच्या बोंबाबोंबीला? ‘संताप व्यक्त केला’ हेही ठरलेलंच.

पेठकरी:
कोण कुणाला काय करतंय ते बघा. समोरच्यांची टर उडवत ओरडतात ती ‘हुर्यो’. आपल्याच संघाच्या नावानं गल्लीभर आरडाओरडा, त्यो ‘शिमगा’. नेम धरून शिव्या, तर ‘लाखोली वाहिली’. आनि घरात बसून, कुणाला ऐकू न जाता चाललं असंल तर ‘बोटं मोडली’. तुमच्या दोहाच्या रात्री बहुतेकांनी बोटंच मोडली आसणार.

डावा बॅक:
एक शेवटचं. ‘वचपा’ आणि ‘उट्टं’ यांत फरक आहे का? ऑगस्ट २०१६च्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात ब्राझीलने माराकानावर जर्मनीला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं, तेव्हा १–७चा वचपा काढल्याचं लिहिलं जातं.

कोशवाचक:
दोन्हींना तोच प्रतिस्पर्धी लागतो. दुसऱ्याच संघाला हरवून वचपा निघत नाही, ही अट बहुतेक जण विसरतात. माझ्या कानाला ‘उट्टं’ जास्त हिशेबी वाटतं, मिळालं तेवढंच परत. १–७चं उट्टं काढायला ७–१ हवं.

रेषापंच:
प्रतिस्पर्धी तरी तोच कुठे होता? ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे संघ २३ वर्षांखालचे, वयाची अट मोडून फक्त तीन खेळाडू घेता येतात. सामना १–१ सुटला, शूटआउट ५–४. वचपाच म्हणायचा तर २७ मार्च २०१८चा बर्लिनमधला १–० घ्या, दोन्ही मुख्य संघ होते.

डावा बॅक:
तो मैत्रीपूर्ण सामना होता.