काळजीच्या नावाखाली आपण म्हाताऱ्या माणसांच्या हातातलं सगळं काढून घेतो का?

स्वाती_ठाणे

माझे सासरे ८१ वर्षांचे, मागच्या वर्षी सासूबाई गेल्यावर वाईजवळच्या गावाहून त्यांना आमच्याकडे आणलं. खोली वेगळी दिली, गोळ्यांसाठी सोमवार-मंगळवार लिहिलेला खणांचा डबा आणला तो मी भरते, दूध ॲपवरून येतं, पासबुक नवऱ्याकडे, भाजी मी ठरवते. त्यांना कसलाच त्रास नको म्हणून हे सगळं. आणि परवा दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, फॅन एकवर करू का?" स्वतःच्या मुलाच्या घरात, स्वतःच्या खोलीतला फॅन. मला एकदम गलबलून आलं. गावात हाच माणूस विहिरीच्या मोटरीपासून बैलाच्या औषधापर्यंत सगळं स्वतः ठरवायचा.

यावरचं संशोधन मी मग शोधून वाचलं. १९७६ मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात प्रयोग केला होता. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा तेही तुम्हीच ठरवा, हवं असेल तर एक रोप निवडा आणि त्याला पाणी तुम्हीच घाला. दुसऱ्या मजल्यावर सोयी त्याच, रोपही तेच, पण पाणी नर्स घालणार आणि वार ठरवून दिलेला. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त आनंदी आणि हिंडतेफिरते दिसले. दीड वर्षानंतर पाहिलं तर त्या गटातले ४७ पैकी ७ जण वारले होते, दुसऱ्या गटातले ४४ पैकी १३.

माझं स्पष्ट मत आहे की आपल्या घरांमध्ये प्रेमापोटी आपण रोज दुसरा मजला चालवतो. हे थांबायला हवं.

तुषार_सोलापूर

स्वातीताई, सासऱ्यांबद्दलची तळमळ पोचली, पण पुरावा तुम्ही समजता तेवढा मजबूत नाही. त्या मृत्यूच्या आकड्यांच्या गणितात चूक होती आणि लेखिकांनी स्वतःच नंतर दुरुस्ती छापली, दुरुस्तीनंतर तो फरक संख्याशास्त्राच्या नेहमीच्या निकषावर टिकत नाही. शिवाय माणसं एकेक करून निवडलेली नव्हती, मजले निवडले होते, म्हणजे एका मजल्यावरची नर्स मुळात जास्त मायाळू असेल तरी असाच निकाल लागला असता.

आणि मला या सगळ्या विषयाचाच राग आहे. १९६६ मध्ये ज्युलियन रॉटरने 'लोकस ऑफ कंट्रोल', म्हणजे आयुष्याची सूत्रं आपल्या हातात आहेत असं माणसाला वाटतं की बाहेर कुठेतरी, हे मोजायला २९ जोड्यांची प्रश्नावली काढली, त्यात साधारण असं विचारलेलं असतं की माणसाच्या वाट्याला वाईट येतं ते नशिबामुळे की त्याच्या स्वतःच्या चुकांमुळे. आता माझ्या वडिलांची कोरडवाहू जमीन, तूर हातात आली तर भाव नाही आणि भाव आला तर पाऊस नाही. ते 'नशीब' वर खूण करणार आणि ती खूण बरोबरच असणार! पण पुढे कुठल्यातरी मोटिव्हेशनल भाषणात त्याचंच 'मानसिकता बदला' होतं. माणसाच्या हातात खरंच काही नसेल तर आहे असं वाटायला लावणं ही मला फसवणूक वाटते.

स्वाती_ठाणे

तुषार, दुरुस्तीचं मला माहीत नव्हतं, मान्य. पण मी वाटण्याबद्दल बोलतच नाहीये, मी खरोखर हातात असण्याबद्दल बोलतेय. लंडनच्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉलचा अभ्यास घ्या, मायकल मार्मट यांचा. १९६७ पासूनच्या पहिल्या अभ्यासात सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट निघालं, आणि यातलं कोणी उपाशी नव्हतं, सगळे पगारी, सगळ्यांना सरकारी दवाखाना. सिगारेट-ब्लडप्रेशर धरूनही पूर्ण फरक सुटला नाही. १९८५ च्या दुसऱ्या अभ्यासात दहा हजारांवर लोक होते, त्यात स्वतःच्या कामावर स्वतःचं किती चालतं हा मोठा मुद्दा निघाला. म्हणजे तुमच्या वडिलांचाच मुद्दा झाला की, मानसिकता नाही, परिस्थिती बदला. माझ्या घरातली परिस्थिती तर माझ्या हातात आहे ना!

नर्मदा

मी हे सगळं वाचून रडले आणि मग मला प्रचंड चीड आली. माझ्या आईला चार वर्षं विस्मरणाचा आजार आहे. तिने दोनदा गॅस चालू ठेवला, एकदा तर बर्नर विझलेला आणि वास मला झोपेत आला. त्या दिवसापासून रेग्युलेटर मी काढून कपाटात ठेवते. ती रोज ओट्याशी उभी राहून ती रिकामी नळी हातात धरते आणि विचारते, "हे कुठं गेलं गं?" मी काय करू, निवड देऊ तिला? ज्यांनी एक रात्रही अशी काढली नाही त्यांनी 'काढून घेऊ नका' असं सरसकट लिहू नये. इथे बहुतेक घरांत हे सगळं एकटी सून नाहीतर एकटी मुलगी करते, तिच्या हातात काय आहे हे कोणी मोजलंय का?

आडवाट

नर्मदाताई, तुमचं बरोबर आहे, रेग्युलेटर कपाटातच राहू दे.

मी मानसशास्त्र शिकवते म्हणून दोन गोष्टी लिहिते, दोन्ही थोड्या स्वातीताईंच्या विरोधात आहेत. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांचा १९६७ चा कुत्र्यांवरचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल, काही कुत्र्यांना विजेचे असे झटके दिले की ते स्वतः थांबवू शकत नव्हते, नंतर साधं कुंपण ओलांडलं की सुटका होती तरी त्यातली बहुतेक पडून राहिली. याला शिकलेली हतबलता म्हणायचे. पण २०१६ मध्ये त्याच दोघांनी लिहिलं की आमचं उलटं झालं होतं. लांबलेल्या त्रासापुढे निपचित पडणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे, शिकावं लागतं ते हे की माझ्या करण्याने काहीतरी बदलतं. म्हणजे नुसतं 'काढून घेणं थांबवलं' एवढ्याने माणूस आपोआप उभा राहत नाही, त्याला तसा अनुभव पुन्हा पुन्हा यावा लागतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रिचर्ड शुल्झने १९७६ मध्ये कॉलेजची मुलं वृद्धांना भेटायला पाठवली. काही वृद्धांना मुलं कधी येणार आणि किती वेळ थांबणार हे ठरवायची मुभा होती, काहींना फक्त आधी कळवलं जायचं, काहींकडे मुलं कधीही यायची. पहिल्या दोन गटांची तब्येत सुधारली. मग अभ्यास संपला, भेटी थांबल्या, आणि नंतर पाहिलं तर ज्यांची सुधारली होती तीच माणसं जास्त घसरली होती. म्हणून स्वातीताई, उत्साहाच्या भरात पंधरा दिवस पासबुक देऊन नंतर 'बाबा, राहू द्या' करणार असाल तर कृपा करून सुरूच करू नका.

निवृत्त_७४

तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हणून आमच्यातला एक लिहितो. मी दोन वर्षांपूर्वी चेकबुक, लॉकरची किल्ली, सोसायटीचं सेक्रेटरीपद सगळं आपणहून मुलाच्या स्वाधीन केलं. आणि मला हलकं वाटलं. प्रत्येक गोष्ट आपल्याच मुठीत पाहिजे ही हाव पण एका वयात सोडावी लागते. वारीला गेलेल्या माणसाला विचारा, एकदा दिंडीत शिरलं की कुठे थांबायचं, कधी जेवायचं हे आपण ठरवत नाही, त्याचंच सुख असतं.

आडवाट

काका, याच्यावरही काम झालंय. रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडलं की जग बदलणं हा एक प्रकार आणि आपण स्वतःला जगाशी जुळवून घेणं हा दुसरा, आणि या दुसऱ्यालाही त्यांनी नियंत्रणच म्हटलं, हार नाही.

स्वाती_ठाणे

पण काका, तुम्ही किल्ली दिलीत. माझ्या सासऱ्यांकडून ती घेतली गेली आणि कोणी विचारलंसुद्धा नाही. दिंडीतसुद्धा माणूस स्वतःच्या पायाने जातो ना.

आडवाट, शुल्झचं वाचून रात्री बराच वेळ झोप नाही आली, खरंच. मी पासबुकापासून सुरू करणारच होते. आता आमचं असं ठरलंय की दूध तेच आणणार, ॲप बंद केलं, कारण दूध मी कधी परत मागणार नाही हे मला नक्की माहीत आहे. पावसात काय करायचं ते त्यांचं ते बघतील.

तुषार_सोलापूर

दुधाचं पटलं. संशोधनाबद्दल माझं मत तेच आहे.

नर्मदा

माझा राग कमी झालेला नाही. पण आज आईच्या आंघोळीनंतर मी पलंगावर दोन साड्या ठेवल्या, रोज एकच काढून देते. ती खूप वेळ दोन्ही चाचपून बघत बसली, मला ऑफिसला उशीर होत होता, आणि मग म्हणाली, "यातली एकही नको, ती हिरवी कुठाय?" हिरवी साडी बहिणीकडे आहे, नागपूरला. संध्याकाळी फोन करून कुरियर करायला सांगितलंय.