आजीची भावंडं आणि इतिहासाची समिती

"परदेशातले आर्मेनियन 'आधी नरसंहार मान्य करा' म्हणून अडून बसतात, म्हणून तुर्कांशी संवाद होत नाही," असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. पॅरिस, बैरुत, लॉस एंजेलिसमधली ही घरं बहुतेक ऑटोमन तुर्की साम्राज्यातल्या १९१५ च्या कत्तलीतून आणि सीरियाच्या वाळवंटाकडच्या हद्दपारीतून वाचलेल्यांची. ज्या घरात आजीची भावंडं त्या वाटेवर संपली, तिथे 'काय घडलं ते समिती तपासेल' हे कसं ऐकून घेतील? ऑक्टोबर २००९ मध्ये तुर्कस्तान-आर्मेनिया संबंध सुधारण्यासाठी झुरिकला सह्या झालेल्या करारांत नेमकी तशी उपसमिती होती. सह्यांआधी आर्मेनियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सार्गस्यान या लोकांची समजूत काढायला पॅरिसला गेले, तर आर्मेनियनांनीच निदर्शनं केली. पुढे दोन्ही संसदांनी मंजुरी दिलीच नाही.

एक मात्र खरं. इस्तंबूलचे आर्मेनियन संपादक ह्रांट डिंक डायस्पोरालाही, म्हणजे परदेशातल्या आर्मेनियनांनाही, सुनवायचे, तुर्कांवरच्या रागातून बाहेर या म्हणून. अशाच एका लेखातलं वाक्य उचलून त्यांना 'तुर्कत्वाच्या अपमाना'बद्दल शिक्षा झाली, आणि १९ जानेवारी २००७ ला त्यांच्या 'आगोस' साप्ताहिकाच्या कचेरीबाहेर त्यांना गोळ्या घातल्या. फुटपाथवर पांढऱ्या चादरीखालून बूट दिसत होता, तळ भोक पडलेला. तो फोटो डोळ्यांसमोरून जात नाही. अंत्ययात्रेत हजारो तुर्क 'आम्ही सगळे आर्मेनियन' असे फलक धरून चालले.

अशा तुर्कांशी बोलायला अट कशाला हवी? अंकाराच्या सरकारपुढे मात्र ती अट सोडू नये.