निर्गमनाला इजिप्तच्या लेखांचा आधार आहे का?

मिरजकर: सांगलीच्या वाचकगटात रविवारी बायबलमधलं 'निर्गमन' घ्यायचंय, मोशेनं इस्राएली गुलामांना इजिप्तमधून बाहेर काढल्याची कथा. इजिप्तच्या लेखांत मोशे, इस्राएली गुलाम सापडतात का? व्हॉट्सअ‍ॅपवर 'नदीचं रक्त झालं' (निर्गमनातही हे येतं) म्हणणारा पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचा जुना लेख, फिरतोय, तो पुरावा म्हणून चालेल?

कृष्णाकाठ: मोशेचं नाव कुठंच नाही. तो पपायरस इपुवेर नावाच्या इजिप्शियनाचा, नेदरलँड्सच्या लायडनमध्ये ठेवलेला. तो काढूच नका. नदीचं रक्त त्यात आहे खरं. पण रचना बहुतेक अभ्यासकांच्या मते रामसेसच्या (निर्गमनाशी जोडला जाणारा इजिप्तचा राजा) कितीतरी शतकं आधीची, आणि तक्रार काय, तर परके लोक देशात घुसलेत. निघून गेले असं नाही! एक ओळ तोडून फिरवली की असंच व्हायचं.

'इस्राएल' हे नाव आहे ते मेर्नेप्ताह या इजिप्तच्या राजाच्या शिळेवर. ती पुरातत्त्वज्ञ पेट्रीला १८९६ मध्ये लक्सरला सापडली, लेख इ.स.पू. १२०८ च्या सुमाराचा. २८ ओळींतली २७ वी नीट बघा. अश्कलोन, गेझेर, यानोआम या कनानातल्या (आजचा इस्राएल-पॅलेस्टाईन भाग) गावांच्या नावांमागं तीन डोंगरांचं चिन्ह आहे, म्हणजे परमुलूख. इस्राएलमागं डोंगर नाहीत. तिथं फेककाठी, बसलेला पुरुष, बसलेली बाई आणि तीन रेघा. म्हणजे मुलूख नव्हे, माणसं. 'त्याचं बी उरलं नाही' ही राजाची फुशारकी. पण ही माणसं तेव्हा कनानात होती, एवढंच यातून निघतं.

मिरजकर: आणि निर्गमनात गुलाम भुसा घालून विटा पाडतात, त्याचं काय?

वाईकर: इजिप्तचा वजीर रेखमिरे याच्या थडग्यातलं चित्र दाखवा, राजा तिसऱ्या थुटमोसच्या काळातलं. परदेशी कैदी तळ्यातनं पाणी आणतात, चिखल कालवतात, लाकडी साच्यानं विटा पाडतात. नाईलचा नुसता गाळ वाळताना तडकतो, म्हणून भुसा. कृष्णाकाठच्या भट्टीवाल्यांना हे सांगायला नको. फरक इतकाच की तिथली वीट भाजत नसत, उन्हात वाळवत.

पळून जाण्याबद्दल 'अनास्तासी ५' हा पपायरस वाचा: दोन पळालेले गुलाम, त्यांच्या मागावर अधिकारी, वाट पूर्व सरहद्दीकडच्या त्जेकूची. 'लायडन ३४८' या दुसऱ्या पपायरसात दगड ओढणाऱ्या 'अपिरूं'ना धान्य द्या असा हुकूम आहे. अपिरू म्हणजेच हिब्रू असं मात्र ठोकून देऊ नका. तो शब्द बेघर, उपऱ्या माणसांसाठी वापरत, एका वंशासाठी नव्हे.

कृष्णाकाठ: खरी अडचण आकड्याची. निर्गमनात ६ लाख पुरुष निघाले म्हटलंय, म्हणजे बायकापोरं धरून २० लाखांच्या घरात. अख्खा सांगली जिल्हा २०११ ला २८ लाख! एवढी माणसं सिनाईच्या वाळवंटात ४० वर्षं राहिली तर चुली-खापरं सापडायला हवीत, ती नाहीत. लहान टोळी निघाली असेल तर गोष्ट वेगळी. तिची नोंद असलीच तर नाईलच्या मुखाजवळच्या डेल्टातल्या ओलीत कधीच कुजली असणार.