भंगारातली स्टिल ०७० चेनसॉ: थेट पोर्टिंग करू का आधी रिबिल्ड?

राजवाडा_स्पॅनर (इंदूर)

मंडळी सल्ला पाहिजे. सांवेर रोडला एक आरा मशीन बंद झाली, तिथून स्टिल कंपनीची जुनी ०७० चेनसॉ उचलली, जवळपास भंगाराच्याच भावात. चायना कॉपी नाहीये, बॉडीवर वेस्ट जर्मनी आहे. १०६ सीसी, म्हणजे स्प्लेंडरपेक्षा मोठं इंजिन हातात धरून चालवायचं, दोरी ओढली तेव्हाच खांद्याला कळलं!

प्रॉब्लेम असा की चालू होते, ठिणगी चांगली आहे, पण गरम झाली की आरपीएम आपोआप चढत जातात, रेस सोडली तरी स्लोला येत नाही, आणि शेवटी चोक ओढून बंद करावी लागते. मफलर उघडून टॉर्च मारला तर एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनवर उभ्या रेघा दिसल्या आणि सिलेंडरच्या भिंतीला ॲल्युमिनियमचा पट्टा चिकटलाय.

मला पावसात पडलेल्या कडुलिंब-शिसमाच्या ओंडक्यांच्या फळ्या काढायच्यात, मिलला (फळ्या कापायची चौकट) लावून, ३६ इंची बारवर (चेन फिरते ती पट्टी). पाटणीपुऱ्यातला एक मित्र यामाहा आरएक्स १०० ची पोर्टिंग करतो, म्हणजे सिलेंडरमधली हवा-धुराची भोकं (पोर्ट) कापून बदलतो, तो म्हणतो एक्झॉस्ट पोर्ट वर उचलू, सिलेंडरखालचं पॅकिंग काढून टाकू, पॉवर डबल. करू का? की आधी दुसरं काही बघायचं?

टूस्ट्रोक_काका (ग्वाल्हेर)

अरे बाबा, तू जे लिहिलंयस तेच तर निदान आहे. गरम झाल्यावर आरपीएम चढणं आणि स्लोला न येणं म्हणजे इंजिन कुठूनतरी फुकटची हवा खातंय. जास्तीची हवा आली की मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, लीन झालं की तापतं, आणि पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पोचतं, म्हणून त्या रेघा. आता अशा इंजिनाला पोर्टिंग करून आणखी पॉवर काढलीस तर ते नवीन पिस्टनपण खाईल, फक्त जरा लवकर खाईल.

आधी लीक टेस्ट कर. कार्ब्युरेटर आणि मफलर काढ, दोन्ही तोंडांवर जुन्या ट्यूबचं रबर कापून वर लोखंडी पट्टी बोल्टने आवळ. प्लगच्या भोकातून हवा भरायची. त्यासाठी महागडा पंप नको, घरात बीपीचं जुनं घड्याळवालं मशीन असेल तर त्याचा फुगा आणि मीटर चालतो, ३०० पर्यंत भरलं की साधारण ०.४ बार होतात, कंपन्या ०.५ ला तपासतात पण आपल्या कामाला एवढं पुरतं. काटा जागेवर राहिला पाहिजे. पडला तर साबणाचं पाणी लाव, बुडबुडा कुठे येतो बघ: बेसचं पॅकिंग, क्रँकचे दोन्ही सील, इनटेकचा जोड.

आणि हे झाल्यावर उलटं पण कर, म्हणजे व्हॅक्यूम ओढून. बरेच लोक इथेच सोडतात. जुना सील हवा भरताना ओठ दाबून धरतो आणि व्हॅक्यूममध्ये सोडून देतो, प्रेशर टेस्ट पास आणि मशीन तरी लीन. कारच्या ब्रेकची हवा काढायचा हातपंप येतो त्याने होतं.

धूरवाला (इंदूर)

भिया काका बरोबर बोलताहेत पण मॉडिफिकेशन म्हणजे पाप असल्यासारखं नका बोलू ना. मी आरएक्स पण केल्यात आणि सॉ पण. ०७० मध्ये दोन गोष्टी बिनधास्त करायच्या, मफलरचं बाहेरचं तोंड थोडं मोठं करायचं, आणि स्क्विश मोजायचा. स्क्विश म्हणजे पिस्टन एकदम वर असताना हेड आणि पिस्टनच्या कडेमधली फट. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार भिंतीपर्यंत घाल, चक्का फिरव, चेपलेली तार व्हर्नियरने मोज. पिस्टनच्या पिनच्या रेषेत दोन्ही बाजूला मोज नाहीतर पिस्टन कलतो आणि आकडा खोटा येतो. एक मिलिमीटर वगैरे निघाली तर पातळ पॅकिंग टाकून ०.६ च्या आसपास आणायची, कॉम्प्रेशन वाढतं, फरक लाकडात लगेच कळतो.

सिलेंडरला चिकटलेल्या ॲल्युमिनियमला टॉयलेट साफ करायचं ॲसिड कापसाने लाव, फसफसून निघून जाईल, सिलेंडर वाचेल.

मकरपुरा_लेथ (बडोदा)

धूरवाला दादा, स्क्विशचं पटलं, ॲसिडचं अजिबात नाही. ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, आणि त्या काळच्या स्टिलचे सिलेंडर आतून बहुतेक हार्ड क्रोमच्या थराचे. क्रोम त्या ॲसिडमध्ये विरघळतो! निकासिलवर (निकेलचं प्लेटिंग) लोक वापरतात, तिथे जरा चालून जातं, पण क्रोमवर कॉस्टिक सोडाच वापरायचा. कॉस्टिक क्रोमला हात लावत नाही, ॲल्युमिनियम खातो. घट्ट पेस्ट करायची, काडीला कापूस गुंडाळून फक्त चिकटलेल्या पट्ट्यावर, फसफस थांबली की पाण्याने धुवायचं, परत लावायचं. पोर्टच्या कडांना आणि बाहेरच्या बॉडीला लागू देऊ नका, तिथे उघडं ॲल्युमिनियम आहे, तेही खाईल. हातमोजे आणि चष्मा घालाच, कॉस्टिक डोळ्यात गेलं तर डोळाच जातो.

मग ४०० चा वॉटर पेपर ओला करून हलकेच आडवा-तिडवा मारा आणि नख फिरवून बघा. नख अडकलं किंवा प्लेटिंग सोलून खालचा पांढुरका धातू दिसला तर तो सिलेंडर गेला. इथेच आरएक्सचं गणित चुकतं. आरएक्समध्ये लोखंडी लाइनर आहे, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकता येतो. ०७० चा बोअर ५८, ॲल्युमिनियमवर पातळ प्लेटिंग, बोअर करायला आमच्याकडे आणलं तर मी परत पाठवते.

आणि आरएक्समध्ये रीड व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी पातळ झडप) आणि एक्स्पान्शनवाला सायलेन्सर आहे, म्हणून पोर्ट उचलला की वरच्या आरपीएमला पॉवर मिळते. ०७० पिस्टन-पोर्ट आहे (झडप नाही, पिस्टनच पोर्ट उघडतो-मिटतो), डबा सायलेन्सर आहे, ती हळू फिरून जोर लावणारी मशीन. पोर्ट वर उचलला तर खालचा जोर जातो, आणि ३६ इंची बारवर फळी काढताना लागतो तोच. खालचं पॅकिंग काढलं की सिलेंडर खाली बसतो, एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर (खालून मिश्रण वर येतं ते पोर्ट) उशिरा उघडतात, इनटेक लवकर उघडतं. फुकटात काही मिळत नाही, टायमिंग मोजून घ्या.

धूरवाला (इंदूर)

ताई क्रोमचं मान्य, निकासिलवरच वापरलंय आतापर्यंत. पण पोर्ट रुंद करता येतोच की, वर नको, बाजूला. बोअरच्या ६५ टक्क्यांपर्यंत जायला हरकत नाही, आणि कडेला चॅम्फर (तिरका घास) द्यायचाच नाहीतर रिंग अडकून तुटेल. पण ते नवीन सिलेंडर आल्यावर, आता नाही.

राजवाडा_स्पॅनर

टेस्ट केली! प्रेशरला काटा ढिम्म हलला नाही, व्हॅक्यूम मात्र ओढता ओढताच पडत होता. क्लच उघडला तर त्या बाजूच्या सीलभोवती काळं चिकट ऑइल आणि भुशाचा लगदा जमलाय, सील इतका कडक झालाय की स्क्रूड्रायव्हरने टोचला तर तुकडाच पडला. कॉस्टिकने पट्टा निघाला, नख कुठे अडकत नाही. पिस्टन आणि रिंग नवीन घेतोय. सील कोणते घेऊ?

टूस्ट्रोक_काका (ग्वाल्हेर)

छान. सील दोन्ही बदल, एकच नको. जुन्यावर माप कोरलेलं असतं, नसेल तर शाफ्ट आणि घर मोजून सियागंजात दाखव, पण व्हिटॉनचा (इंधनाला टिकणारं रबर) माग. साधा नायट्राइल रबराचा चालेल पण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि ते जुन्या रबराला सोडत नाही. त्याच कारणाने कार्ब्युरेटरचा डायफ्राम पण नवीन टाक, आणि काम झालं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालव. बेअरिंगला खडखड असेल तर आत्ताच बदल, सी३ क्लिअरन्सचं (आतून जरा सैल) घे, आणि केसिंग गरम करून बसव, ठोकून नाही. क्लच काढताना पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून सुती दोरी घाल, स्क्रू वगैरे घालू नको. आणि बऱ्याच सॉच्या क्लचला उलटे आटे असतात, जोर लावायच्या आधी बघून घे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या टिलोटसन कार्ब्युरेटरात बऱ्याचदा गव्हर्नर व्हॉल्व्ह (आरपीएम रोखणारा) असतो. रिकामी फुल रेस दिली की आवाज फाटल्यासारखा, बडबडल्यासारखा येतो, त्याला फोर-स्ट्रोकिंग म्हणतात, मुद्दाम मिश्रण रिच करून (पेट्रोल जास्त देऊन) आरपीएम रोखलेले असतात. नवा माणूस म्हणतो जेट जास्त आहे, आणि एच स्क्रू (फुल रेसचं पेट्रोल ठरवणारा) आवळत जातो जोवर आवाज साफ होत नाही. तो साफ झाला म्हणजे लीन झाली, आणि जी रेघ तू घासून काढलीस तीच परत उमटेल. लाकडात घातल्यावर आवाज साफ झाला पाहिजे, बाहेर काढली की परत बडबडली पाहिजे. फळ्या काढताना तर मिनिटेच्या मिनिटे फुल रेसवर राहते, तिथे नेहमीपेक्षा थोडी रिचच ठेव. मफलर मोठा केलास तर पुन्हा सेट कर, कारण हवा जास्त वाहायला लागली की मिश्रण पातळ होतं. साधं ऑइल असेल तर लिटरला ४० मिली, जुन्या मशीनला २५ ला १ च.

मकरपुरा_लेथ (बडोदा)

आणि या जुन्या मॉडेलला चेन ब्रेक नाही. बारचं टोक लागलं तर तोंडावर येते, मध्ये काहीच नाही. मिलच्या चौकटीत ठेवूनच चालवा, नुसती हातात घेऊन झाडावर चढू नका. कंपन पण भयंकर, बोटं पांढरी पडायला लागली की थांबायचं, ते कायमचं होऊन बसतं.

राजवाडा_स्पॅनर

लक्षात ठेवतो ताई, झाडावर चढणारा मी नाहीच. पोर्टिंगवाल्या मित्राला सध्या फक्त स्क्विश मोजायला बोलावतोय, तो जरा रुसलाय. शेवटचं एक, ३६ इंची बार सेकंडहँड मिळतोय पण गेज (खाचेची रुंदी, इंचात) .०५८ लिहिलंय. माझी चेन .४०४ पिच (कड्यांचं अंतर) आणि .०६३ गेजची आहे. चालेल?

टूस्ट्रोक_काका (ग्वाल्हेर)

नाही. .०६३ ची कडी त्या खाचेत शिरणारच नाही. .०६३ चाच शोध, आणि चेन फळ्यांसाठी १० अंशाला घासून घे, नेहमीच्या ३० ला नाही.