वाळूतल्या कॉटनवूडसाठी एल्कवर बंदुका चालवाव्यात का? माझं मत: हो

डेन्व्हरकर
कोलोरॅडो राज्याच्या दक्षिण भागात, सॅन लुईस खोऱ्यात ग्रेट सँड ड्यून्स हे वाळूच्या टेकड्यांचं राष्ट्रीय उद्यान आहे. वाळूची सर्वांत उंच टेकडी सव्वादोनशे मीटरच्या आसपास, अख्ख्या उत्तर अमेरिकेत याहून उंच नाही. आपली मंडळी जातात, वाळूवरून घसरतात, मेडानो क्रीकमध्ये पोरांना डुंबू देतात आणि संध्याकाळी परत. टेकड्यांच्या पश्चिमेला जी सपाट वाळू पसरली आहे तिकडे कोणी फिरकत नाही. तिथल्या खोलगट जागांमध्ये भूजल वर येतं, दलदल होते, लव्हाळे आणि विलो वाढतात आणि कुठे कुठे अरुंद पानांचे कॉटनवूड, म्हणजे पॉप्लरच्या कुळातली झाडं. वर्षाला जेमतेम २८ सेंटिमीटर पाऊस. म्हणजे ही झाडी जगते ती ओढ्यांच्या आणि जमिनीखालच्या पाण्यावर.

दुखणं असं की म्हातारी झाडं दिसतात, कोवळी फार कमी. मुळांतून फुटवे येतात, एल्क (तिकडचं मोठं हरीण) ते खाऊन टाकतात. उद्यानात शिकारीला बंदी, आजूबाजूला परवानगी. जनावर मूर्ख नसतं. मोसम सुरू झाला की कळप आत येऊन बसतात, दलदलीतच. उद्यानाच्या आराखड्यात कळप हुसकावणं आणि वेळ पडल्यास काही जनावरं मारणं आहे, तर त्यावर इथं काही जण हळहळतायत. मला त्यात गैर वाटत नाही.

भूजलवाला
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! या खोऱ्याचं खरं भांडण पाण्याचं आहे. १९८६ मध्ये एका कंपनीनं इथून दरवर्षी २ लाख एकर-फूट भूजल उपसायचा अर्ज केला होता. आपल्या हिशेबात पावणेनऊ टीएमसीच्या आसपास, पानशेतपेक्षा थोडंच कमी, आणि तेही वाळवंटाच्या पोटातून. खोऱ्यातले लोक लढले, १९९१ मध्ये कोर्टात जिंकले, १९९४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही. पुढे उद्यान करण्याचा २००० चा कायदा आला, बाका रँच ही खोऱ्यातली मोठी जमीन विकत घेतली गेली, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. हे उद्यान मुळात पाण्यासाठी झालंय.

आणि उपसा थांबलाय का? बटाटा, बार्ली, अल्फाल्फा, सगळं गोल फिरणाऱ्या तुषार-यंत्रांखाली. २००२ च्या दुष्काळानंतर वरच्या थरातलं पाणी जे खाली गेलं ते अजून भरून आलेलं नाही. एल्क बिचारा समोर दिसतो म्हणून गुन्हेगार.

डेन्व्हरकर
इतिहास मान्य. पण कुंपणाचा साधा प्रयोग घ्या. वाळवंटी ओढ्याकाठी एक तुकडा जाळीनं बंद करायचा. आत आणि बाहेर भूजल तेच, ऊन तेच, वाळू तीच. फुटवा आत डोक्याइतका झाला आणि बाहेर गुडघ्यालाच खुडलेला राहिला, तर त्याचं खापर बटाट्यावर कसं फोडणार?

वाळूचा_कण
दोघंही घाईत आहात. कॉटनवूडचं बी म्हणजे कापसाच्या पुंजक्यातला बारीक कण, एक-दोन आठवड्यांत मरतो. त्याला उघडी, ओली, सावलीविना वाळू लागते, म्हणजे नुकता पूर ओसरलेला काठ. रोप रुजलं तरी पाणी दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा वेगानं खाली गेलं की मूळ मागे पडतं आणि रोप वाळतं. हे सगळं जुळणारं वर्ष क्वचितच येतं. मधल्या वर्षांत कोवळी झाडं दिसत नाहीत, हा काही आजार नव्हे.

शिवाय तळी भरतात, आटतात, टेकडी सरकते, झाडं गाडली जातात. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्समध्ये जिप्समची टेकडी कॉटनवूडला शेंड्यापर्यंत गिळते तरी झाड तग धरतं. अशा जागी कुठल्या सालची अवस्था ‘मूळ’ म्हणून धरायची?

वऱ्हाडी_वावर
आमच्याकडे रोही (नीलगाय) रातच्याला हरभरा सपाट करून जाते, तर मारायच्या परवानगीसाठी चकरा माराव्या लागतात. तिकडे वाळूतल्या झाडासाठी बंदुका तयार! त्या कॉटनवूडचा वट आमच्या सातबाऱ्यापेक्षा मोठा दिसतो राजेहो.

डेन्व्हरकर
@वऱ्हाडी_वावर 😄 तुमच्या हरभऱ्यालाही माझा पाठिंबा.
@वाळूचा_कण, बियाचं सगळं बरोबर. पण ते दुर्मीळ वर्ष आलं आणि रोपं उगवली, तर पुढची काही वर्षं ती न खुडली जाता वाढली पाहिजेत ना? पूर नशिबावर, खुडणं आपल्या हातात. अरुंद पानांची जात तर मुळांतूनही फुटते, तिला प्रत्येक वेळी पुराची गरजच नाही.

रानमांजर
लांडगे आणा. यलोस्टोनमध्ये १९९५ पासून आणले.

भूजलवाला
यलोस्टोनमध्ये झाडी किती सावरली आणि ती लांडग्यांमुळेच का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. कोलोरॅडोत डिसेंबर २०२३ मध्ये १० लांडगे सोडले ते ग्रँड आणि समिट काउंटीत, ड्यून्सपासून कितीतरी उत्तरेला.

प्लायवाला
एवढी चर्चा कशाला? यमुनानगरला प्लायवूडसाठी जो पॉप्लर लावतात तो अमेरिकेचाच कॉटनवूड, पॉप्युलस डेल्टॉइड्स. काडी खोचली, पाणी दिलं की चालला. तिथंही काड्या खोचा.

वाळूचा_कण
एका झाडाच्या काड्या म्हणजे एकच वाण. त्यात कॉटनवूडमध्ये नर-मादी झाडं वेगळी. सगळी नरच लावलीत तर बी कुठून येणार? आणि पाणी कोण देणार, टँकर?

भूजलवाला
शेवटचं सांगतो. २०२२ मध्ये डेन्व्हरच्या दक्षिणेच्या डग्लस काउंटीपुढे याच खोऱ्यातून २२ हजार एकर-फूट नेण्याचा प्रस्ताव आला होता. जवळपास एक टीएमसी. काउंटीनं तेव्हा नाही म्हटलं. खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या एका गटानं तर २०१२ पासून उपशावर स्वतःच पैसे मोजायला सुरुवात केली. म्हणजे शेतकरी किंमत देतोय, आणि डेन्व्हरच्या आसपास हिरवळीवर पाणी मारणारे आपण एल्कला गोळी घाला म्हणतोय.

डेन्व्हरकर
हिरवळ मी काढून टाकली आहे, दगड टाकलेत. एल्कबद्दलचं मत तेच.